नऊशे ग्रॅम

वजन मी स्वतः केलं,
घरातल्या कणीक मोजायच्या काट्यावर.
नऊशे ग्रॅम. चार्जर धरून अकराशे चाळीस.
मेथीच्या दोन जुड्या आणि वर थोडी कोथिंबीर.
दुकानदार म्हणाला होता, वहीच समजा.
वहीला निदान समास असतो.

पिट्सबर्गमध्ये पूल मोजायचं माझं काम.
किती आहेत ते नव्हे,
त्यावर इथली माणसं अजून भांडतात.
किती गंजलेत, ते.
क्रेनच्या पाळण्यात उभी असते मी, पुलाच्या पोटाखाली,
खाली मोनोंगहेला, कोळशाच्या रिकाम्या बार्जा,
उजव्या हातात हातोडी
आणि डाव्या कोपराच्या खोबणीत हा.
ऑफिसातला मोठा लॅपटॉप इथे आणला असता
तर तो धरायला आणखी एक माणूस लागला असता
आणि त्या माणसाला धरायला पट्टा.

हे त्याचं चांगलं.
शिवाय पंखा नाही, म्हणून आवाज नाही.
पोलादावर हातोडी मारली
की खणखणीत वाजतं की बद्द,
हे ऐकताना तो मध्येच घूं करत नाही.
(ऑफिसातले सगळे करतात. माणसंसुद्धा.)

बाकी मूर्ती लहान आणि कीर्तीही बेताचीच.
पडदा म्हणजे तोकडं अंथरूण,
आराखड्याचे पाय कायम बाहेर.
एक सांधा बघावा तर शेजारचा गायब,
सरकवत सरकवत पूल बघते मी,
सुईच्या नेढ्यातून जाजम बघावं तसा.
चार वर्षांत एकही पूल त्यात अख्खा मावलेला नाही.
भोक एकच. मेमरीची काडी लावायची तर चार्जर उपटा.
आणि कळा!
त्या कुणाच्या बोटांवर बेतल्यात कोण जाणे,
माझ्या तर नाहीत,
त्यातून हातमोजे.

तेरा फेब्रुवारी. उणे चौदा.
जोडपट्टीच्या कडेला भेग सापडली, तीन इंच.
मी तीनचा आकडा दाबला आणि बोट उचललं.
मोजा उचलला गेला नाही.
तेहतीस.
एकसष्ट टक्क्यांवर असलेली बॅटरी
थंडीत उभ्या उभ्या गेली,
जाता जाता 'पाठवलं' एवढं सांगून.

मला काय ठाऊक?
काळ्या पडद्याला शिव्या घातल्या,
जॅकेटची चेन उघडून त्याला पोटाशी घेतलं.
शर्टातून बर्फाची लादी.
पाळणा चालवणारा कोवाल्चिक म्हणाला,
बाळंतपणाची रजा मागा आता.
मग वरची घरघर थांबली.
आधी बस, मग ट्रक,
मग ते सांध्यावरून जाणारं धडधड-धडधड,
जे इतकं कायमचं असतं
की ते आवाज आहे हेच विसरायला होतं.
कोवाल्चिकने टोपी काढली.
म्हणाला, कुणीतरी मोठं गेलं असणार.

चाळीस मिनिटं रिकामा पूल.
मी हातोडी मारत राहिले, काम तर करायचंच.
पोलाद पहिल्यांदाच मध्ये कुणी न बोलता बोललं,
इतकं लांबपर्यंत
की पलीकडच्या काठावरच्या खांबाचं उत्तर
परत आलेलं मी ऐकलं.
निदान मला तसं वाटलं.

पोटाशी ऊब लागून तो उठला. चार टक्के.
एकोणीस निरोप. पहिला : तेहतीस??
बाकीचे मी वाचले नाहीत, मावतही नव्हते.

दुसऱ्या दिवशी साहेबीणबाई रस्की
माझ्यापुढे कागद सरकवत म्हणाल्या, मोठा घ्या.
सोळा इंच पडदा, आकड्यांना वेगळा कोपरा,
वजन दोन किलो तीनशे.
बेकरीची गाडी अडकली होती वर, त्या म्हणाल्या,
शिवाय एक नवरी.
मी मान हलवली. कागद घडी करून खिशात ठेवला.

संध्याकाळी हातमोजे घेतले,
अंगठा आणि तर्जनी उघडी असलेले.
काट्यावर ठेवले तर नव्वद ग्रॅम.
हे आता त्याच्या वजनात धरायचे
की माझ्या?