नववा टेक

रेजिना, पडद्यावर तुझं नाव कधी आलंच नाही.
तुस्कानो कुणाला नीट लिहिता यायचं नाही,
संघाच्या यादीतही एकदा तुळसकर झालीस
आणि त्याच नावाने तू अंतिम सामना वाचवलास.

मी तुझ्या पुढे. स्टॉपर, चार नंबर.
सामन्यात तुझा चेहरा मला दिसायचाच नाही,
पाठीवर नुसता आवाज आदळायचा:
"ए घोडपदेव, उजवीकडे! झोपलीस का?"

ग्लोव्ह्ज गोदीतले, तुझ्या भावाचे,
कॅनव्हासचे, तळव्याला ग्रीस.
पहिल्याच मोसमात डाव्या हाताचं
करंगळीशेजारचं बोट मोडलं,
ते म्हातारपाखाडीच्या हाडवैद्याने असं बसवलं
की पुढे जन्मभर ते कुणालातरी
जवळ बोलावत राहिलं.

पुरुषांचा सामना संपला की माळी जाळी सोडून न्यायचा.
आपल्याला नुसते खांब.
गोल झाला तर चेंडू थेट रस्त्यावर,
आणि आणायलाही तूच.
"म्हणून तर खात नाही," म्हणायचीस,
"कोण धावणार टॅक्स्यांमागे?"

टीव्हीवर एकदा मुलाखत झाली, वरळीला.
गजरा घातलेल्या बाईंनी विचारलं,
"स्वयंपाक येतो का हो?"
तू म्हणालीस, "येतो. पण चेंडू आला की
दोन्ही हात लागतात."
बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या.
ती टेप पुढे पुसली म्हणे.
टेप महाग होती, आपण नव्हतो.

आणि मग तो सिनेमा.
नायक गोलकीपर, पण चिखलात पडायचं नाही त्याला,
दाताला कॅप बसवलेली.
तुझे केस कापले, छाती कापडाने बांधली,
पंचाहत्तर रुपये आणि जेवणाचा डबा.
चेहरा त्याचा, झेप तुझी.

पण गोष्टीत आधी त्याने एक गोल खायचा होता.
नाहीतर मध्यंतरानंतर जिंकणार काय?
पहिला टेक. तू अडवलास.
दुसरा. अडवलास.
"अहो बाई, सोडा ना!"
"सोडतेच आहे," तू म्हणालीस, आणि तिसराही अडवलास.
मी चटईवर बसून पाहत होते.
खोटं सांगत नव्हतीस तू.
तुझं मन कबूल झालं होतं, हातांना कुणी विचारलं नव्हतं.
आठ टेक. फिल्मचे पैसे माझ्या पगारातून कापतील
असं कॅमेऱ्यामागचा पोऱ्या रडकुंडीला येऊन म्हणाला,
तेव्हा कुठे नवव्याला तू डोळे मिटून झेपावलीस.

माझगावच्या थेटरात, सगळ्यात पुढच्या रांगेत,
माना वर करकरून पाहिला आपण तो सिनेमा.
नायकाच्या नावाने शिट्ट्या, चिल्लर उडाली.
खारे दाणे चावत तू कानात पुटपुटलीस,
"डावीकडे अर्धं पाऊल उशिरा गेले बघ."

नंतर एक बामची जाहिरात. गुडघा धरलेली सासू.
तू खूश होतीस फार:
"या गुडघ्याचे पहिल्यांदा कुणी पैसे दिले."

आता माझ्या शेजारची नताशा, तेरा वर्षांची,
आमच्या गल्लीच्या संघात गोलला उभी राहते.
तिने तो सिनेमा फोनवर लावला,
मध्येच बोट ठेवून थांबवला आणि म्हणाली,
"आजी, हा हात हिरोचा नाही."

मी चष्मा पुसला.
चेंडू खांबाच्या आत निम्मा,
मिटलेले डोळे चौकटीच्या बाहेर,
आणि हाताचं ते वाकडं बोट
चेंडूला अजून बोलावतंय, ये ना, ये.

नताशा म्हणाली, "पुढे सोडू?"
मी म्हटलं, थांब जरा.
थांबलेला आहे तोवर
गोल झालेला नाही.