आल्यागेल्याची नोंद

फेगडे परिवाराची वेबसाइट मी काढली
सावद्याला, केळीच्या रायपनिंग चेंबरच्या ऑफिसात बसून.
दिवसभर तापमान लिहायचं : सोळा, साडेसोळा, सतरा.
रात्री पणज्यांची नावं.
झाड कंपनीचं तयार, फांद्या आपण जोडायच्या,
वर्षाला अकराशे रुपये.
शेवटी बारीक अक्षरांचं लांबलचक काही होतं,
खाली एक चौकोन.
मी खूण केली. वाचतं कोण?

त्याआधी भाट यायचा, तीन-चार वर्षांनी,
लाल कापडात बांधलेली वही घेऊन.
गहू घ्यायचा, धोतरजोडी घ्यायचा, आणि विचारायचा :
कोण जन्मलं, कोण गेलं, कोणाला कुठे दिली.
पण दारात कोण नुसतंच उभं राहून गेलं
याला त्याच्या वहीत रकाना नव्हता.

कंपनीच्या वहीत आहे.
दर सोमवारी पत्र येतं : आपल्याकडे भेट देणारे.
गाव, वेळ, फोनची जात,
कोणत्या पानावर किती थांबले.
पुण्याचा दिगंबर स्वतःचाच फोटो पाहतो, रोज.
भुसावळचे कोणी तिघे फक्त मुलींच्या जन्मतारखा पाहून जातात.
हितेशच्या बायकोला सातव्या महिन्यात
पाळणेवाल्यांचे फोन सुरू झाले.
ती म्हणाली, यांना सांगितलं कोणी?
डोहाळजेवणाची तारीख मीच भरली होती.

आणि चोपडा.
'चोपडा किंवा आसपास', असं लिहितात ते.
जुना फोन. रात्री दोन दहा.
एकच पान : हेमराजचं लग्न, १९८७.
सात मिनिटं.
दुसऱ्या रात्री पुन्हा. सहा.

सात मिनिटं पाहण्यासारखं काय आहे त्यात?
मांडव, हेमराजच्या मुंडावळ्या, रुसलेलं एक पोरगं,
उजव्या कडेला एक कोपर.
कोपराच्या पुढे कात्री फिरलेली.

सिंधूआत्या.
झाडाला तिची फांदी नाही.
भाटाच्या वहीतही आबांनी समोर बसून रेघ मारून घेतलेली.
का, ते विचारलं की
आई ताटात आणखी भरीत वाढायची.

वासुदेवकाकांनी विचारलं,
"रातचं कोन पाह्यते रे आपलं एवढं?"
म्हटलं, यंत्रं असतात काका, अशीच फिरतात.
"मंग यंत्राले चहा तं इचारत जाय."

पत्राखाली लिहिलेलं असतं :
आपली माहिती आम्ही तिसऱ्या कोणाला देत नाही.
तिसरं कोण, ते कोणी ठरवलं?

फैजपूरच्या स्टुडिओत, पत्र्याच्या डब्यात
निगेटिव्ह अजून होती.
अख्खा फोटो चढवला.
कोपराला खांदा आला, खांद्याला मान,
फ्लॅशनं मिटलेले डोळे, आणि हसू मात्र सुटं.
नाव घातलं नाही.
ती परवानगी मला तिनंही दिलेली नव्हती.

सोमवारी पत्र :
चोपडा किंवा आसपास. दोन दहा.
एक तास एकोणीस मिनिटं.

मी खूश होतो. अगदी बुधवारपर्यंत.

त्यानंतर तीन सोमवार चोपडा नाही.
मग उशिरा लक्षात आलं :
तिला वाटत असेल, आपण पाय न वाजवता येतो,
पाहून जातो, कोणाला कळत नाही.
आणि एका रात्री तिचाच चेहरा
दारात दिवा धरून उभा.
कोणीतरी जागं होतं. कोणीतरी मोजत होतं.

आत कुठेतरी तोही चौकोन सापडला :
'भेटींची नोंद ठेवा'.
खूण काढली.
कंपनीनं दोनदा विचारलं, नक्की?

रात्री दोनच्या सुमारास चेंबरला गाडी लागते.
हमाल क्रेट उतरवतात, मी दार उघडून आकडा पाहतो.
साडेसोळा.
आलंही असेल कोणी.
मी पाहिलेलं नाही.