कापूस

दाढ उजवीकडची, खालची.
म्हापशाच्या डॉक्टरांनी चमच्यासारखा आरसा
आत घालून बघितली, काढावी लागेल म्हणाले.
मग फॉर्म आला. आणखी कुठला आजार?
मी खरं लिहिलं.
"बरं केलंत सांगितलंत," ते म्हणाले
आणि खुर्ची सावकाश सरळ केली.

मंगळवारी त्यांचं मशीन बिघडलं.
शुक्रवारी वीज नव्हती,
शेजारच्या रसवाल्याचा मिक्सर मात्र फिरत होता.
तिसऱ्या खेपेला काउंटरवरच्या मुलीनं
मी सही केलेलं पेन
कागदात धरून कचऱ्यात टाकलं.
पाच रुपयांचं पेन.
मीच ओशाळले, जसं काही
माझ्या हातून मोडलं.

तेव्हापासून डावीकडून चावते.

गोळ्या मडगावहून आणते.
म्हापशातही मिळतात, पण तिथं नावं पुकारतो
माझ्या जावेचा भाऊ.
म्हणून पेडण्याहून पहाटेची बस,
म्हापशाला बदलायची, पणजीला पुन्हा,
झुवारीच्या पुलावर तीच ती डुलकी.
घरी सांगते, ब्लाऊजचं अस्तर आणायला जाते.
मग अस्तर आणावंच लागतं.
कपाट भरलंय.
आख्ख्या गावात इतक्या बायका नाहीत.

गेल्या बुधवारी तिथल्या बाकावर
दोन माणसं सोडून सगुण बसलेला.
आमच्याच वाड्यावरचा,
चवथीच्या आरतीला घुमट वाजवणारा.
तीन तीन बसगाड्या बदलून आम्ही
एकमेकांपासूनच लपायला आलो होतो.

"मावशीला ठेवलीय इथं," तो म्हणाला.
"माझी चुलत बहीण," मी म्हणाले.
दोघींनाही आता बरं वाटतंय,
असं ठरलं.

परतताना वेगवेगळ्या बसनं जायचं
हे बोलावं लागलं नाही.
त्याची आधी सुटली. पायरीवर पाय ठेवून
तो वळला, हळू म्हणाला,
"बाटलीत कापूस घाला, वयनी. चालताना वाजते."
कंडक्टर ओरडत होता तरी थांबून,
"गेल्या चवथीलाच ऐकली.
माटोळीखाली तुम्ही वाढत होता, कमरेला बटवा.
आमचा कान तसला."

बस गेली. मी उभीच.
त्या रात्री त्यानं माझ्या हातून
तिसरी नेवरी मागून घेतली होती.

घरी आल्यावर
समईच्या वातींचा कापूस काढला.
थोडा बाटलीत कोंबला.
थोडा लवंगेच्या तेलात बुडवून
दाढेखाली.