दोन बोटं काच

तीन उन्हाळे मी नुसता ग्यास भरत आले.
पाडवा झाला की बाराशे रुपये,
आणि आखितीपर्यंत पुन्हा तोच तवा.
सँट्रो दोन हजार चारची, एमएच बावीस,
बँकेतल्या साहेबांकडून घेतलेली.
त्यांचा बाळकृष्ण त्यांनी काढून नेला,
डॅशबोर्डवर डिंकाचा डाग राहिला.

अण्णा शेजारी बसतात.
एकतीस वर्षं एसटी चालवली, गंगाखेड डेपो.
डावा कान इंजिनाला देऊन टाकलेला,
त्या बाजूनं काही बोलू नये.
उजव्यानं मात्र अजून
खालच्या गल्लीतली मोटारसायकल
कोणत्या गिअरात अडलीय ते सांगतात.
मी चालवते तेव्हा त्यांच्या चांगल्या बाजूला असते.

परवा बोनेट उघडून म्हणाले, चालू कर.
आता एसी लाव. आता गप बस.
"टक्. आला.
एक, दोन, तीन, चार…
टक्. गेला.
धाप लागायलीय पोरी याला.
एक पायरी चढतंय आन् तिथंच बसतंय."

परभणी, जिंतूर रोड. पत्र्याखाली चव्वेचाळीस.
मुजीबोद्दीनच्या डोक्यावर ओला रुमाल,
तोही वाळत आलेला.
दोन घड्याळं लावली, एक निळं, एक तांबडं.
निळ्याचा काटा तळाशी निजलेला.
मी म्हणाले, ग्यास संपलाय ना?
तो हसलासुद्धा नाही.
"ग्यास संपत नस्तो ताई. पेट्रोल हाय का ते?
तो जात अस्तो.
कुठून जातो, ते कुणी बघितलंच नै तुमच्याकडं."

मिसरूड न फुटलेला शाहबाज
साबणाचा फेस घेऊन जोडाजोडाला ब्रश लावत फिरला.
कंप्रेसर कोरडा. होज कोरडे.
पुढच्या जाळीत मानवतच्या जिनिंगांचा कापूस,
रोज नोकरीला जाता-येता मीच गोळा केलेला.
तो धुऊन काढला, आणि खाली, कोपऱ्यातल्या पाइपाच्या तोंडाशी
एक बुडबुडा.
फुगला, थांबला, फुटला. पुन्हा फुगला.
झोपलेल्या लेकराच्या ओठावर येतो तसा.
"बगा," मुजीबोद्दीन म्हणाला, एवढंच.

रबराची रिंग. करंगळीत शिरणार नाही एवढी,
वाळल्या गवारीसारखी तडकलेली.
नवी हिरवी. वीस रुपये.
मी मनात तीन हजार सहाशे वजा केले,
कशातून केले ते कळलं नाही.

ब्लोअर उघडला तर उंदराचं बाळंतघर.
कापूस, भुईमुगाची फोलं,
आणि बँकेच्या स्लिपेची कुरतडलेली निळी कड.
शाहबाजनं ते हलक्या हातानं
झाडाखाली नेऊन ठेवलं. आत कुणी नव्हतं.

मग व्हॅक्यूम. अर्धा तास पंप,
अर्धा तास नुसतं बघायचं
काटा सरकतो का.
दुसरं कामच नाही.
अण्णा आणि मुजीबोद्दीन
चहावर लेलँड बरी की टाटा यावरून भांडले,
पण दोघांचा एकेक डोळा काट्यावर.
काटा जागचा हलला नाही.

बाटली तराजूवर ठेवून, ग्राम बघत ग्यास सोडला.
टक्. आला.
अण्णा बोटांवर मोजायला लागले.
दहा झाले. वीस झाले. चाळीसला
त्यांनी मोजणं सोडलं,
आणि जाळीपुढं उलटा तळहात धरला, ताप बघावा तसा.
"माणसात आलं," म्हणाले.

पोखर्णीच्या अलीकडं त्यांनी काच खाली केली.
दोन बोटं.
"गार लागलं का?"
"नै. गाडीचं काय ऐकूच यायना."

ती डावी काच. बहिऱ्या कानाची.

मी काही बोलले नाही, पंखा एक घर वाढवला.
गार हवा त्या फटीतून
गंगाखेडपर्यंत जात राहिली.
कुठून जाते, ते निदान दिसत होतं.