चौदावी लढत

दिवा गावात, ऐरोलीच्या खाडीकडेला,
मिठाच्या जुन्या कोठारात आमची तालीम.
हसुराम मढवी मास्तरांकडे एक कॅसेट होती.
मेव्हणा बोटीवर खलाशी, त्यानं आणलेली
कुठल्याशा बंदरातून, एका टेबलफॅनसोबत.
पाठीवर निळ्या शाईत नाव : नाबोर मोन्तेहानो, मेक्सिको.
मेक्सिको पुसट होतं. आम्ही वाचलं नाबर.
मालवणकडचा असेल, सुहास म्हणाला,
आणि वर्षभर आम्हाला ते पटलेलं होतं.

चौदा लढती.
पहिलीत तो एकोणीस वर्षांचा, कान मोठे,
उसनी चड्डी दोरीनं आवळलेली.
ठोसा खाऊन तो मान डोलवायचा,
बाजारात भाव ऐकून डोलवतात तशी :
ऐकला, पण पटला नाही.
मग डावा. खालून, बरगडीच्या कडेनं आत.
मास्तर तिथं चित्र थांबवायचे.
पडद्यावर पट्टे थरथरायचे.
"कालीज कुठं असतं गं?"
मी छातीवर हात ठेवायची.
"मटनवाल्याला विचार," म्हणायचे, आणि दोन बोटं
उजव्या बरगडीखाली रोवायचे.
"हितं. हितं लागलं का मानूस पडत नाय.
बसतो. दमल्यावानी."

पाचवीत पट्टा मिळाला.
त्याची आई एप्रन न काढताच रिंगणात चढली
आणि आधी त्याचं नाक पुसलं.
नववीत डावा डोळा मिटलेला, तरी जिंकला.
अकरावीपासून पाय जड.
तो आता हलत नव्हता, समोरच्याला जवळ येऊ द्यायचा,
पाहुण्याला येऊ द्यावं तसा.
या लढती मास्तर जास्त वेळा लावायचे.
पहिल्या चार पुढे ढकलायचे.

चौदावीत सहावी फेरी संपते.
तो स्टुलावर बसतो. कुणीतरी तोंडावर पाणी मारतं.
तो वर बघतो, जरा बाजूला,
घंटेला पाच सेकंद असतील,
आणि तिथं कुंदाताईची हळद लागते.
बेंजो, हॅलोजनचा दिवा, पिवळ्याधमक बायका,
कोपऱ्यात खुर्चीवर मास्तर,
मुलीच्या हळदीत न नाचणारे एकटेच.

सुहासच्या मते नाबर आठव्या फेरीत जिंकला.
मी म्हणायची, गुणांवर.
ठाण्याला जिल्ह्याच्या स्पर्धेत मी हरले,
तेव्हा परतीच्या रिक्षात मास्तरांनी विचारलं,
"नाबरनं काय केलं असतं?"
"हळद लावली असती," मी म्हणाले.
ते कळव्याच्या पुलापर्यंत हसत होते.

मास्तर गेले अश्विनात.
दहाव्याच्या दिवशी, बेलापूर रोडच्या बसथांब्यावर,
मी फोनमध्ये शोधलं.
त्रेसष्ट लढती, चोपन्न विजय, सात पराभव, दोन बरोबरी.
शेवटची ओळ : सातवी फेरी, टॉवेल.
समोर त्याच्याच गावचा एकवीस वर्षांचा पोरगा.
नंतर म्हणे कोळंबीचा टेम्पो चालवत होता.
बस आली, गेली.

सुगंधाकाकू सुकट निवडत होत्या.
"त्यांनीच दिली ना कॅसेट शूटिंगवाल्याला.
नवी ऐंशी रुपयाला होती तवा.
पन येवढं मोजून दिली, सहावी ठेव, सातवीपासून काढ.
तो बोलला, असं कोन करतं?"
काकूंनी एक काडी फेकली.
"आदल्या रातीला दोनदा बगितली होती. आवाज बंद करून."

आता कोठारात संध्याकाळी मीच असते.
कॅसेटला बुरशी आलीय, पण पोरांना चौदाही लढती पाठ आहेत,
माझ्याकडून ऐकून.
काल प्रचितीनं ग्लोव्ह बांधता बांधता विचारलं,
"ताई, नाबर शेवटी हरला का?"
मी तिच्या बरगडीखाली दोन बोटं ठेवली.
"कोपर आत घे," म्हणाले.
"हे उघडं पडतंय."