जवसाचं तेल

कुमरे मॅडम ग्लोव्हला जवसाचं तेल लावतात
शनिवारी, शाळेच्या ओट्यावर बसून,
म्हाताऱ्या बैलाच्या खांद्याला लावावं तसं.
उजवा हात कानाच्या वर जात नाही.
फळ्यावर डाव्यानं लिहितात,
ओळी खिडकीकडे उतरत जातात.

पूर्वी रेल्वेकडून खेळायच्या, पगारी पिचर,
अकरा वर्षं. आम्हाला ठाऊक नव्हतं.
आम्हाला ठाऊक होतं, युरियाच्या पोत्यात माती भरली की बेस होतो,
आणि बॉल तुरीत गेला की दोन रन,
शोधायला जायचं नाही. तुरी फुलावर होत्या.

फेकणं कसं सांगायचं, त्यांना सुचेना.
मग जागलीवरून आलेल्या वच्छीची गोफण घेतली,
डाव्या हातानं गरकन फिरवली:
"हेच. फक्त दोरी नाही."

मी स्कोअर लिहायची. मला फेकता येत नव्हतं.
दारव्ह्याशी हरलो, चौदा-दोन,
टेम्पोत कोणी बोलेना.
मॅडमनं वही मागितली, दोनावर बोट ठेवलं.
"हे कोनं काढले?"
मयुरी आडे झोपेतच म्हणाली, "म्या."

तुरी कापल्या तेव्हा बॉल सापडले. सात.
एकाची शिवण उसवून
उंदरानं आतलं मऊ सगळं नेलं होतं.
तो त्यांनी टाकला नाही.