हात राखून

"ताई, किती सोसेल?"
निषाद विचारतो, फुरसुंगीच्या शेडमध्ये.
बॉनेट वर, लॅपटॉप बॅटरीवर आडवा,
आणि रऊफ तांबोळी हातातली चिंधी
बोटाबोटांतून फिरवत माझ्याकडे बघतो,
कारण चाकणला मी पगार घेते तो
इंजिनं फुटेपर्यंत चालवण्याचा.

कंपनीतून आलं तसंच इंजिन, चार सिलिंडर,
कुणी उघडलेलं नाही अजून.
रॉड तेच, पिस्टन तेच,
हेडखालचं गॅस्केट तेच, पापडासारखं.
कंपनीने दिलेला बूस्ट पॉइंट आठ बार.
निषादला हवाय दीड.
रऊफ म्हणतो, सव्वापर्यंत मी केलंय,
लोणीच्या एका पोराची गाडी, वर्ष झालं, पळते.
आणि दुसऱ्या पोराची? मी विचारते.
दुसऱ्याचं तो काही बोलत नाही.

मला आकडा माहीत नाही.
हे म्हणायला एकोणीस वर्षं लागली.
ज्यांनी हे इंजिन आखलं त्यांनी हात राखून आखलं:
थोडं भेसळीच्या पेट्रोलसाठी,
थोडं ऑइल बदलायला विसरणाऱ्यासाठी,
थोडं एप्रिलमधल्या कात्रजच्या चढासाठी,
एसी चालू, मागे तीन माणसं, मांडीवर आहेराची भांडी.
शिवाय पुण्याची हवा मुळातच विरळ,
इथे टर्बोला तोच दाब आणायला जास्त गरगरावं लागतं.
त्यासाठीही थोडं.
ही शिल्लक कुणाच्याच नावावर नाही, मी म्हणते.
मग मी घेतो, म्हणतो निषाद.

मी त्याला नॉकिंग समजावते.
ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच
कोपऱ्यातलं मिश्रण आपलं आपण पेटतं.
बाहेर ऐकू येतं ते एवढंच,
डब्यात चार खडे हलवल्यासारखं,
आणि गाणी चालू असली तर तेही नाही.
तीन नंबरच्या सेलमध्ये एकदा
रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला,
काचेमागे आम्ही बिस्किटं खात होतो.
तो आता माझ्या टेबलावर असतो, कागद उडू नयेत म्हणून,
अवग्रहासारखा वाकडा,
कुणाची तरी हाक लांबवत.

निषाद ऐकतो. मान हलवतो.
एक बार ठरतं.

रात्री दीडला मंतरवाडीवरून निघालो.
कात्रजच्या बाजूला रस्ता रिकामा झाला
आणि तिसऱ्या गिअरला शिटी चढत गेली,
धुराच्या जोरावर फिरणारं ते इवलं चाक
बाहेर टाकलेलंच पुन्हा कामाला लावत होतं.
पाठ सीटला चिकटली.
माझी बेचाळीस वर्षांची पाठ.
मग निषादने पाय उचलला.

"का सोडलास?"
आवाज माझाच होता.

बोगद्याच्या अलीकडे गाडी कडेला घेतली.
मागच्या सीटवर रऊफने मांडीवर लॅपटॉप उघडला.
एक पॉइंट एक.
परत फिरून पुन्हा तोच तुकडा.
मग एक पॉइंट दोन, तेही मीच सांगितलं,
आणि रऊफने फक्त विचारलं,
"मॅडम, लिहून घेऊ ना?"

सकाळी त्याने प्लग काढले.
पहिला ठीक. दुसरा ठीक.
तिसऱ्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर, भिंगाखाली,
करडे ठिपके, खसखशीपेक्षा बारीक.
पिस्टनचं ॲल्युमिनियम.
चौथा कुणी पाहिलाच नाही.

निषाद रस्त्यापलीकडच्या टपरीवर होता,
गाडीवाल्या पोरांच्या घोळक्यात,
हाताने चढ दाखवत, तोंडाने शिटी काढून.

रऊफने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.
मी पॉइंट नऊ लिहिलं.
मग प्लग उजेडात धरून
नखाने ते ठिपके खरवडून पाहिले.
एक निघाला.
बाकीचे बसून राहिले.